न दिलेली हजेरी

परत्याला परत्या म्हणायला लागले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मावशीला मूल नव्हतं, म्हणून आईनं तीन वर्षांच्या या पोराला तिच्या पदरात टाकलं. सहा वर्षं तो तिथं लाडात वाढला, मावशीलाच आई म्हणायला लागला, आणि मग मावशीला स्वतःचा मुलगा झाला. तो मुलगा वर्षाचा व्हायच्या आत मावशीच्या नवऱ्यानं याला कपड्यांच्या गाठोड्यासकट आईच्या दारात आणून उभा केला. पसंत न पडलेली वस्तू दुकानात परत करतात, तसाच. परत आला म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याला परत्या केला आणि ते नाव असं चिकटलं, की लग्न लावताना पाळकबाबांनासुद्धा खरं नाव वहीत बघून वाचावं लागलं.

आता तो चौतीस वर्षांचा होता. थोरला भाऊ आणि तो विहिरी खोदत, आटलेल्या विहिरी खोल करत. धंदा बापाचाच. थोरला वर कप्पीवर, परत्या खाली खडकावर. खाली उतरायची पाळी खरं तर आलटून पालटून यायला हवी, पण परत्यानं ती कधी येऊच दिली नाही. "तू थांब दादा, मी जातो." अंगात कणकण असो, खाली गुडघाभर चिखल असो, हा आपला एका पायावर तयार. लोक म्हणत, काय गुणाचा भाऊ आहे! गुणाचा कसला, घाबरट होता बिचारा. कामाचा माणूस कुणी परत करत नाही, एवढं एकच त्यानं नवव्या वर्षी डोक्यात पक्कं करून ठेवलं होतं.

बायकोचं निराळंच. ती सरळ स्वभावाची, हसली तर चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशी. तिच्यावर त्याचा फार जीव होता, आणि त्या जिवानं तिला नको नको करून सोडलं होतं. ती पाण्यावर कुणाशी दोन शब्द बोलली की हा दिवसभर तोंड फुगवून. ती बहिणीकडे चार दिवस जाते म्हणाली की याला नेमका ताप भरायचा. रुसला की जेवायचा नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि ती समजूत काढायला कधी येते याची वाट बघायचा. ती आली की आणखी थोडा रुसायचा. ती किती वेळा येते, ते त्याला मोजायचं असायचं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सातही वर्षं तिनं हे निस्तरलं होतं.

त्या उन्हाळ्यात चर्चच्या आवारातली विहीर आटली. अर्धी वस्ती त्या विहिरीवर जगायची. आता बायाबापड्यांना टेकडीपलीकडून पाणी आणावं लागत होतं, जायला तास, यायला तास. चर्चच्या पंचांनी विहीर खोल करायचं काम दोघा भावांना दिलं.

खोदण्याची त्यांची एक रीत होती, बापानं घालून दिलेली. विहिरीवर तीन वाशांचं तिकाटणं उभं करायचं, त्याला कप्पी, कप्पीवरून जाड दोर. त्या दोरानं माती वर यायची आणि माणूसही वर-खाली जायचा. शेजारी एक बारीक दोरी, तिचं नाव बोलकी दोरी. तिला खालून एक हिसका दिला की बादली ओढा, दोन दिले की मला ओढा. आणि पहारीचे शंभर घाव झाले की खालच्यानं एक हलकासा झटका द्यायचा, वरच्यानं तसाच परत द्यायचा. मी आहे, तू आहेस ना? हो, आहे. याला ते हजेरी म्हणायचे. हजेरी चुकली तर खाली काहीतरी बरंवाईट झालं असं धरून चालायचं. बापाच्या काळापासून आजवर ती कुणी चुकवलेली नव्हती. बोलकी दोरी परत्याची बायको धरायची.

गुरुवारी सकाळी थोरल्यानं रोजच्यासारखा कंदील पेटवून विहिरीत सोडला. तळाशी हवा खराब असली तर दिवा विझतो. दिवा चांगला जळत होता. कंदील वर घेता घेता थोरला सहज बोलावं तसं बोलून गेला, "पुढच्या विहिरीला खाली उतरायला दुसरा माणूस बघतोय मी. बोलून ठेवलंय."

 परत्यानं बायकोकडे पाहिलं. ती दोरीची गाठ सोडवत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणजे हिलाही ठाऊक होतं! त्यानं विचारायला हवं होतं, का रे दादा, माझं काय चुकलं? इतकं सोपं होतं ते. पण विचारलं नाही. "बरं," म्हणाला, दोराला बिलगला आणि खाली गेला.

खाली गार होतं. त्यानं पहार घेतली आणि घाव घालायला लागला. साठ. सत्तर. प्रत्येक घावाला डोक्यात एकच, मला काढतायत. नव्वद झाले, शंभर झाले. हात दोरीकडे गेला आणि तिथंच थांबला.

बघू तरी, येतं का कुणी.

त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि स्वतःही टेकून बसला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरून दोरीला झटका आला. एक. मग लागोपाठ तीन-चार. मग बायकोचा आवाज आला, "अहो!" तो गप्प. "अहो, हजेरी द्या ना! ऐकू येतंय का?" आणि खरं सांगायचं तर ते त्याला गोड लागलं. चौतीस वर्षांच्या बाप्याला कुणी जीव तोडून हाका मारतंय, आणि तो अंधारात बसून ते चवीनं ऐकतोय! थोरला तेव्हा दुसऱ्या पहारीला धार लावायला लोहाराकडे गेलेला, वर ती एकटीच. तिचा आवाज फाटायला लागला, तेव्हा कुठं त्याला कळलं की आता ओ द्यायला पाहिजे. पण ओ देऊन सांगायचं काय? मुद्दाम गप्प बसलो होतो म्हणून? तोंड उघडेना. आणि तेवढ्यात दोर करकरला. ती कमरेला काही न बांधता नुसत्या हातांनी दोर धरून उतरत होती. अर्ध्यात हात सुटत आले आणि उरलेलं अंतर ती दोरावरून घसरतच आली.

तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. पण परत्यानं डोळे मिटले आणि मान टाकली.

ती त्याच्या अंगावर येऊन पडली. त्याच्या गालांवर चापट्या मारायला लागली, तेव्हा त्याच्या तोंडाला ओलं लागलं. त्याला वाटलं पाणी. ते तिच्या तळहातांचं रक्त होतं.

* * *

"गरगरलं," थोरल्यानं परत येऊन दोघांना वर ओढलं, तेव्हा तो म्हणाला. "खडकाच्या भेगेतून काहीतरी वास आला आणि मग काही आठवत नाही."

त्याला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. पण खोटं एकदा बाहेर सोडलं की ते आपल्या ताब्यात राहत नाही. भेगेतून खराब हवा येते म्हटल्यावर काम बंद. विहिरीवर फळ्या टाकल्या. पाण्याची आशा लागलेल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परत टेकडीकडे वळल्या. नर्सबाईंनी बायकोच्या दोन्ही हातांना बोटांपर्यंत पट्ट्या बांधल्या आणि तीन आठवडे हातानं काही करायचं नाही म्हणून बजावलं. घास भरवायला, केस विंचरायला जाऊबाई यायला लागली. परत्या घरात नुसता भिंतींना धरून फिरायचा. बायको त्यालाच विचारायची, "डोकं दुखत नाही ना आता?" त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण सगळ्यात वाईट झालं ते थोरल्याचं. तो रोज सकाळी फळी सरकवून कंदील खाली सोडायचा आणि रोज दिवा छान जळायचा. तो काच पुसायचा, वात कापायचा, पुन्हा सोडायचा. तासभर कडेला पालथा पडून बघत राहायचा. दिवा जळतोय, मग भावाला झालं काय? याचा अर्थ त्यानं एकच लावला. गुरुवारी आपणच नीट बघितलं नाही.

रविवारी उपासनेत पाळकबाबांनी परत्याचा जीव वाचला म्हणून उपकारस्तुती केली. सगळ्यांच्या नजरा त्या पांढऱ्या पट्ट्यांवर होत्या. मग कुणी न सांगता थोरला उभा राहिला. बोलायची सवय नसलेला माणूस, टोपी हातात कुस्करत होता.

"माझ्या हातून चूक झाली," तो म्हणाला. "दिवा मी घाईत बघितला. भाऊ गेलाच होता माझा. आता हे काम मी करणार नाही. ज्याला दिव्यातलं कळत नाही त्यानं दुसऱ्याचा जीव दोराला टांगू नये."

घंटा वाजवणारा म्हातारा मोठ्यानं "होतं असं, होतं असं," म्हणाला. बायका डोळे पुसायला लागल्या. परत्या बाकावर बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आता उठावं आणि सांगावं. पण उठला नाही तो. शेवटी आमेन झालं आणि सगळे त्याच्याच पाठीवरून हात फिरवून बाहेर गेले.

* * *

सोमवारी दुपारी पाळकबाबा चर्चमध्ये मोडका बाक दुरुस्त करत होते. परत्या दारात घुटमळला.

"आलास ते बरं झालं. ही फळी दाबून धर," ते म्हणाले. त्यांच्या ओठांत चार खिळे होते. ते खिळे तसेच राहिले आणि त्यामुळे परत्याचं सांगून होईपर्यंत त्यांना मध्ये बोलता आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. शंभर घाव, दोरी, हाका. त्या हाका गोड लागल्या हेसुद्धा सांगितलं.

पाळकबाबांनी एकेक खिळा काढून बाकावर ठेवला.

"देव माफ करतो, असं मी तुला आत्ता सांगितलं असतं," ते म्हणाले. "खरंच आहे ते. पण तू ते ऐकून हलका होऊन घरी जाशील, आणि थोरला तिकडं कंदील पुसत बसेल. तेव्हा ते मी शेवटी सांगेन."

"सांगितलं तर दोघंही मला सोडतील, बाबा."

"सोडतील कदाचित. माणसांची हमी मी देत नाही."

परत्या फळी दाबून धरून उभा होता. फळीला आता धरायची गरज नव्हती, तरी त्यानं ती सोडली नाही.

"लहानपणी तुला टाकलं," पाळकबाबा म्हणाले, "ते वाईट केलं. फार वाईट केलं. तुझा त्यात काडीचा दोष नव्हता, आणि देवानं तेव्हाही तुला टाकलेलं नव्हतं. पण तेव्हापासून तू करतोस काय? जो येईल त्याला परीक्षेला बसवतोस. त्याला सांगतही नाहीस की परीक्षा आहे. तुझी बायको सात वर्षं पास होतेय, आणि तू पुन्हा नवा पेपर काढतोस! अरे, तुझ्या आत जो खड्डा आहे तो भरणं बाईमाणसाच्या हातात नाही. तो देवाकडे ने. तिच्याकडे न्यायचं ते तिच्या आवाक्यातलं ने."

"म्हणजे काय करू?"

"तोंडानं माग. येशूला धरून नेणार होते, तेव्हा त्यानं काय केलं? मित्रांना म्हणाला, मला फार जड झालंय, माझ्याजवळ थांबा, जागे राहा. त्याला मागायची लाज वाटली नाही, मग तुला कसली वाटते? आणि ते झोपले, बरं का. सगळे झोपले. म्हणून त्यानं त्यांना टाकलं नाही." त्यांनी हातोडी उचलली. "मागितलं की नाही म्हणण्याची सवड समोरच्याला असते. त्याचीच तुला भीती आहे. जा आता. आधी जिचे हात सोलले तिच्याकडे जा."

परत्या दारापर्यंत गेला, तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि देव माफ करतो. ते राहिलंच."

* * *

घरी आला तर अंगणात थोरला उभा. त्यानं पहारी, छिन्न्या, घण सगळं एका गोणपाटात बांधलं होतं. बायको उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर पट्ट्यांचे दोन हात ठेवून.

"खालच्या वस्तीत एक खोदणारा आहे, त्याला देऊन टाकतो," थोरला म्हणाला. "तुझी पहार तेवढी ठेवू का तुला?"

परत्याला वाटलं होतं, बायकोला एकटीला गाठून हळूहळू सांगावं. पण ते गोणपाट बघितलं आणि ते सगळं बारगळलं.

"दादा, तुझा दिवा बरोबर होता."

"राहू दे आता."

"बरोबर होता! खाली हवा चांगली होती. मला काही झालं नव्हतं. मी मुद्दाम हजेरी दिली नाही. तू दुसरा माणूस आणणार म्हणालास, मला वाटलं मला काढताय. म्हटलं बघावं, कुणी येतं का." तो बायकोकडे वळला. "तुझ्या हाका मला ऐकू येत होत्या. सगळ्या."

 मग बायकोनंच तोंड उघडलं, पण ती त्याच्याशी नाही, थोरल्याशी बोलली.

"भावजी, मीच तुम्हाला म्हटलं होतं ना, यांना खोकला सुटलाय, थोडे दिवस वर राहू द्या, खाली दुसरा माणूस बघा. माझंच चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही," थोरला म्हणाला. तो परत्याच्या इतका जवळ आला की परत्यानं मार खायच्या तयारीनं डोळे मिटले. मार बसला नाही. "मी सगळ्या चर्चसमोर उभा राहिलो," थोरला हळू आवाजात म्हणाला. "आणि तू बसून ऐकलंस."

त्यानं गोणपाट उचलून खांद्यावर टाकलं. "उद्या सकाळी विहिरीवर ये. सगळ्यांना तूच सांगायचं."

बायको उठून आत गेली. दार ओढून घ्यायला हात चालत नव्हते, म्हणून तिनं ते कोपरानं लोटलं.

* * *

सकाळी विहिरीभोवती पाण्याला निघालेल्या बाया, पंच, घंटेवाला म्हातारा, सगळे जमले. परत्यानं सांगितलं. फार लांबवलं नाही, पण काही गाळलंही नाही.  मग घंटेवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही देवाचे उपकार मानले ते तू रुसला होतास म्हणून?" दोघंतिघं फसकन हसले. ते हसू परत्याला चाबकासारखं लागलं. एक म्हातारी मात्र हसली नाही. तिनं डोक्यावरची रिकामी घागर उतरवून त्याच्यापुढं आदळली आणि म्हणाली, "पाच दिवस टेकडी चढलेय मी. माझे गुडघे बघायचेत तुला?" आणि खरंच झगा वर करून सुजलेले गुडघे दाखवले. त्यानं बघितले. बघायलाच हवे होते.

थोरल्यानं कंदील सोडला. दिवा जळत होता. त्यानं कंबरेला दोर बांधला.

"खाली मी जातो. कप्पीवर पंचांतले दोघं येतील. बोलकी दोरी घंटेवाला धरेल."

"आणि मी?" परत्यानं विचारलं.

"दोराला हात लावायचा नाही. माती वाहा."

दिवसभर त्यानं माती वाहिली. विहिरीपासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून विहिरीपर्यंत, शिकाऊ पोराचं काम. दर थोड्या वेळानं घंटेवाल्याच्या हातातली दोरी हलायची आणि म्हातारा नको तेवढ्या जोरात उत्तर द्यायचा. परत्या तिकडं बघायचा नाही. जेवायच्या सुट्टीत थोरला वर आला, हातपाय धुतले आणि दूर जाऊन बसला. काम सुटताना मात्र पाठमोराच म्हणाला, "उद्या सहाला ये. उशीर करू नकोस."

उजेड असतानाच तो घरी आला. बायको उंबऱ्यावर केस मोकळे सोडून बसली होती. जाऊबाई आज आली नव्हती. नवऱ्याचा अपमान तिच्या जिव्हारी लागला होता, आणि त्याचा राग ज्याच्यावर काढायचा त्याच्या बायकोवरही तिनं काढला.

"वेणी घाला," बायको म्हणाली. "केस डोळ्यांत येतायत सकाळपासून. बोलू नका, नुसती वेणी घाला."

तो तिच्यामागे बसला. दोर वळायची सवय होती त्याच्या हातांना, पण केस निराळे, बोटांतून निसटायचे. त्यानं तीन पेड केले. दोनदा चुकले. ती समोर रस्त्याकडे बघत होती.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "तू जाशील याची. मी तोंडानं विचारतोय. जाणार आहेस का?"

 त्यानं केस तसेच धरून ठेवले.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "इतका, की तुमचं तोंड बघवत नाही, म्हणून तर पाठ करून बसलेय. उद्याही असेल. पण त्यात जाण्याचं कुठून आलं? राग आला की माणसाला टाकतात, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मावशीनं."

तिनं मान वळवली नाही, पण ती ऐकत होती हे त्याला तिच्या खांद्यांवरून कळलं. त्यानं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

"बाळ झोपलं होतं. माझ्या हातातून पातेलं पडलं आणि ते दचकून रडायला लागलं. मावशी फार ओरडली मला. मी माळ्यावर जाऊन लपलो. म्हटलं, तिचा राग गेला की शोधत येईल, हाका मारेल. दुपार गेली, संध्याकाळ झाली. ती खाली काम करताना मला दिसत होती. तिनं एकदासुद्धा हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मला इकडं आणून सोडलं."

रस्त्यावरून एक बाई घागर घेऊन गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बायको तिच्याकडे बघत राहिली.

"मी तर मारल्या होत्या," ती म्हणाली.

"हो."

"घसा फुटेपर्यंत मारल्या होत्या."

"हो," परत्या म्हणाला आणि तिच्या केसांत तोंड खुपसून रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. समजूत काढली नाही, आणि उठूनही गेली नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर तिनं पट्टीच्या हातानं मानेमागे चाचपलं.

"डावीकडं सैल राहिलीय," ती म्हणाली. "सोडा आणि पुन्हा घाला."

त्यानं नाक पुसलं, वेणी सोडली आणि पुन्हा तीन पेड केले.